सुरक्षा यंत्रणेची निवड : घंटा वाजल्यावर येणार कोण?

(सणसर, तालुका इंदापूर येथे व्यापारी, सहकारी संस्थांचे सचिव, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



सणसर हे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेले आणि भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या शेजारी नांदणारे गाव. आषाढीच्या वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघाली की येथे मुक्कामाला थांबते. त्या एका रात्री हजारो अनोळखी माणसे गावात उतरतात आणि गाव त्यांच्यासाठी आपली दारे उघडी ठेवते. वर्षाच्या उरलेल्या रात्री मात्र दुकानाचे शटर खाली ओढताना प्रत्येक व्यावसायिकाच्या मनात एक काळजी असते. कुलूप पुरेसे आहे का? कॅमेरा बसवावा का? पहारेकरी ठेवावा का? बसवायची ती यंत्रणा कोणती?

ही काळजी अनाठायी नाही. गळीत हंगामात उसाचे पैसे गावात येतात, बाजारपेठ गजबजते आणि पतसंस्थांतील उलाढाल वाढते. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणामुळे दळणवळण सुकर झाले; पण त्याच रस्त्याने चोरीचा माल भरलेली गाडी तासाभरात जिल्ह्याबाहेर जाऊ शकते. सबब, सुरक्षेचा विचार आता केवळ सराफाने किंवा बँकेने करावयाचा राहिलेला नाही. कृषी सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र, किराणा दुकान, पेट्रोल पंप, विकास सोसायटी या सर्वांनी तो केला पाहिजे.

जुन्या व्यवस्थेचा धडा

आपल्या गावगाड्यात सुरक्षेची एक व्यवस्था पूर्वापार होती. रामोशी व जागले रात्रीचा पहारा करीत. चोरी झाली तर चोराचा माग काढणे हे त्यांचेच काम असे. पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचला, तर पुढील जबाबदारी त्या गावावर पडत असे. या सेवेबद्दल त्यांना वतने व हक्क मिळत. इंग्रजी अमलात ते हक्क हिरावले गेले, तेव्हा पुरंदर परिसरात उमाजी नाईकांसारखा पुरुष बंड करून उठला. त्यांना १८३२ मध्ये फाशी देण्यात आले. ती व्यवस्था जातीवर आधारलेली होती. तिच्याकडे परत जाण्याचा प्रश्नच नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट स्पष्ट होती. पाहणार कोण, हाक देणार कोण, धावणार कोण आणि जबाब देणार कोण, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आज आपण यंत्रे विकत घेतो आणि नेमका हाच प्रश्न विसरतो.

एक अनुभव

माझ्या एका आप्तांचे दुसऱ्या जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. त्यांनी चार कॅमेरे आणि एक भोंगा बसविला व ते निर्धास्त झाले. एके रात्री चोरट्यांनी मागील बाजूचा पत्रा उचकटला. गल्ल्यातील रोकड, महागडी कीटकनाशके आणि जाताना कॅमेऱ्यांच्या नोंदी साठविणारी पेटीही त्यांनी नेली, कारण ती गल्ल्यावरच्या फळीवर उघडी ठेवलेली होती. सकाळी कॅमेरे भिंतीवर जागच्या जागी होते. त्यांनी पाहिलेले काहीही शिल्लक नव्हते. भोंगा वाजला होता, शेजाऱ्यांनी तो ऐकलाही होता. पण मांजर फिरकले तरी तो वाजत असे, म्हणून कोणी उठले नाही.

संशय गेला तो दुकानाची किल्ली सांभाळणाऱ्या मुलावर. चार दिवस त्याची चौकशी झाली. पुढे माल भलत्याच ठिकाणी सापडला आणि तो मुलगा निर्दोष ठरला. परंतु तो पुन्हा कामावर आला नाही. आप्तांना विम्याची काही रक्कम मिळाली. त्या मुलाचे जे गेले, त्याची भरपाई कोणत्याही विम्यात नव्हती.

त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे की, सुरक्षा यंत्रणेची निवड शेवटापासून सुरू करावी. रात्री दोन वाजता घंटा वाजली तर ती कोणाला ऐकू जाईल, कोण येईल आणि आल्यावर काय करील, हे आधी ठरवावे. त्यानंतर घंटा, कॅमेरा व कुलूप यांची खरेदी करावी.

अडथळा

यंत्रणेचे पहिले अंग म्हणजे अडथळा. चोराला आत शिरण्यास जितका वेळ लागेल, तितका वेळ मदतीला येणाऱ्यास मिळतो. कुलपाचा खरा उपयोग हा वेळ मिळवून देण्याचा आहे. आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ मध्ये. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत कुलूप पुष्कळ सुधारले, परंतु ते ज्या कडीला लावायचे ती कडी अनेक ठिकाणी अजून दोन स्क्रूंवरच उभी असते. शटरला मधोमध एकच कुलूप असेल, तर दोन्ही टोके कटावणीने उचलता येतात. म्हणून दोन्ही बाजूंना आतून बसणारी कुलपे असावीत. मागचे दार, खिडकीचे गज आणि छताचे पत्रे यांची पाहणी समोरच्या शटरइतक्याच बारकाईने करावी. तिजोरी भारतीय मानक ब्युरोच्या मानकाची घ्यावी व ती जमिनीत किंवा भिंतीत पक्की करावी. मोकळी तिजोरी चोरटे उचलूनही नेतात. रोकड शक्य तितकी त्याच दिवशी बँकेत भरणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

सूचना

दुसरे अंग सूचनेचे. दारावरील चुंबकीय संवेदक दार उघडताच सूचना देतो; कंपन टिपणारा संवेदक पत्रा किंवा भिंत फोडली जात असता जागा होतो; शरीराची उष्णता ओळखणारा संवेदक खोलीतील हालचाल टिपतो. हा तिसरा प्रकार मांजर, उंदीर व तापलेला पत्रा यांनीही फसतो. धान्याच्या किंवा खतांच्या गोदामात तो बसविताना विशेष काळजी घ्यावी लागते. खोटी सूचना वारंवार देणारी घंटा ही घंटा नसल्यापेक्षा वाईट, कारण ती शेजाऱ्यांना न उठण्याची सवय लावते.

ग्रामीण भागात वीज जाते हे गृहीत धरले पाहिजे. यंत्रणेला स्वतःची बॅटरी असावी. सिमकार्डाच्या साह्याने मालकासह निदान तीन जणांना आपोआप फोन जाण्याची सोय असावी. त्यांपैकी एक तरी हाकेच्या अंतरावर राहणारा असावा.

पुरावा

कॅमेरा हे तिसरे अंग. त्याचे मुख्य काम पुराव्याचे आहे. कॅमेरा छताजवळ लावला तर टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. म्हणून प्रवेशद्वाराचा एक कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीच्या जवळ असावा. दूध संकलन केंद्रात रात्रीच्या चोरीपेक्षा मापाचा तंटा अधिक संभवतो. तेथे कॅमेऱ्याची दृष्टी वजनकाट्यावर व फॅट मोजणाऱ्या यंत्रावर हवी.

नोंदी किती दिवस टिकतात याचा हिशेब खरेदीपूर्वीच करावा. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या गतीने नोंद करीत असेल, तर त्याला दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांना सुमारे ८६ गिगाबाइट लागते. म्हणजे एक टेराबाइटची हार्ड डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि त्यानंतर सर्वांत जुनी नोंद पुसली जाऊ लागते. ज्या संस्थेत शिल्लक मालाची मोजणी महिन्यातून एकदा होते, तेथे तूट उघडकीस येईपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो. नोंदीची पेटी नजरेआड, कुलपात ठेवावी. महत्त्वाच्या नोंदीची एक प्रत दुसऱ्या जागी जाईल अशी व्यवस्था असावी.

न्यायालयात हा पुरावा कसा टिकतो, हेही माहीत हवे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीसंबंधी जो वाद झाला, त्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रफितीच पुढे आल्या होत्या. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण हजर केले नसेल, तर त्यावरून काढलेल्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे. म्हणून चोरीनंतर घाईने मोबाईलवर चित्रीकरण करून ते गावभर पाठवू नये. मूळ पेटी जशी आहे तशी जपावी आणि पोलिसांच्या स्वाधीन करावी. यंत्रातील घड्याळ बरोबर आहे की नाही, हेही दरमहा तपासावे.

आणखी एक सूचना. कॅमेऱ्यासोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली जगभरातील असंख्य कॅमेरे व तत्सम उपकरणे अशाच न बदललेल्या पासवर्डमुळे परक्यांच्या ताब्यात गेली आणि मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडण्यासाठी वापरली गेली.

पहारेकरी

पुष्कळांना वाटते की एक पहारेकरी ठेवला की काम झाले. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे कामाचे तास ४८. म्हणजे चोवीस तासांच्या पहाऱ्यासाठी साडेतीन माणसे लागतात. एकाच वृद्ध गृहस्थाला दिवसरात्र दारात बसवून त्याने जागे राहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही. त्यापेक्षा एका रांगेतील दहा-बारा दुकानांनी वर्गणी काढून रात्रीचा पहारा एकत्रितपणे ठेवावा. खासगी संस्थेकडून रक्षक घ्यावयाचा असेल, तर २००५ च्या केंद्रीय अधिनियमान्वये त्या संस्थेकडे परवाना असला पाहिजे. तो पाहावयास मागावा. आपल्या राज्यात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्याखालील सुरक्षा रक्षक मंडळांमार्फत नोंदित रक्षक मिळू शकतात व त्यांच्या वेतनाचे आणि हक्कांचे रक्षण होते. जो आपले रक्षण करतो त्याचे रक्षण करणे, हेही आपले कर्तव्य आहे.

धावून येणारे

आता मुख्य प्रश्न. घंटा वाजली, येणार कोण? तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेले पोलीस पाटील आहेत. ग्रामरक्षक दल उभारता येते. पुणे जिल्ह्यासह अनेक जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा राबविण्यात आली आहे. तिच्यात एकाने केलेल्या फोनचा संदेश त्याच्याच आवाजात परिसरातील सर्व नोंदित फोनवर एकाच वेळी पोहोचतो. ग्रामपंचायतीने आपल्या गावातील किती कुटुंबे यात नोंदली आहेत, हे पाहावे. शिक्षकांनी हा विषय पालकसभेत मांडावा.

मात्र धावून येणाऱ्यांसाठी नियम हवेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. ती अफवा होती. हाक देण्याची सोय जितकी वेगवान, तितकी खोट्या हाकेची हानी मोठी. संशयितास पकडण्याचा अधिकार कायद्याने सामान्य नागरिकालाही काही मर्यादेत दिला आहे, पण त्यास विनाविलंब आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. हात उचलण्याचा अधिकार कोणालाही नाही. काही समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा आपण १९५२ साली रद्द केला. ऊसतोडीला आलेले कुटुंब किंवा पालावरचा माणूस दिसताच संशय घेणे म्हणजे तो कायदा मनात जिवंत ठेवणे होय.

खरेदीपूर्वी चार कसोट्या

विक्रेता दारी आला म्हणजे त्याला चार गोष्टी करून दाखविण्यास सांगावे. एक, वीज बंद करून रात्रीच्या अंधारात यंत्रणा चालवून दाखवावी. दोन, ठरलेल्या तीन फोनवर सूचना प्रत्यक्ष पोहोचवावी. तीन, दहा दिवसांपूर्वीची नोंद काढून दाखविता येईल याची लेखी हमी द्यावी. चार, बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येईल, हे करारात लिहावे. सहकारी संस्थांनी व ग्रामपंचायतींनी दरपत्रके मागविताना या अटी आधीच नमूद केल्या, तर केवळ कमी किमतीकडे पाहून निवड करण्याची पाळी येणार नाही. विमा उतरविताना त्यातील अटीही वाचाव्यात. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण आणि मालाची नीट ठेवलेली नोंदवही यांना महत्त्व असते.

ज्यांच्याकडे पैसा थोडा आहे त्यांनी क्रम असा ठेवावा : आधी दार व कडी, मग उजेड व घंटा, मग कॅमेरा. आणि या सर्वांच्याही आधी, ज्याला एकही पैसा लागत नाही ते काम करावे. आज घरी जाताना आपल्या दुकानाच्या डावी-उजवीकडच्या दोन दुकानदारांना भेटा, एकमेकांचे फोन क्रमांक घ्या आणि रात्री घंटा वाजली तर कोणी उठायचे, कोणी पोलिसांना कळवायचे, हे ठरवा. तेवढे झाले म्हणजे विकत घेतलेल्या यंत्राचे चीज होईल आणि उद्या दुर्दैवाने काही घडलेच, तरी किल्ली सांभाळणाऱ्या एखाद्या प्रामाणिक मुलाला मान खाली घालून गाव सोडावे लागणार नाही.