चक्रव्यूहात शिरण्यापूर्वी

(नागापूर, जि. अहिल्यानगर येथे नवदाम्पत्यांसाठी योजलेल्या मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग. गर्भारपणाच्या आरंभी सुचवल्या जाणाऱ्या ऐच्छिक चाचण्यांविषयीचा हा ऊहापोह वाचकांना उपयुक्त वाटेल.)



गर्भवतींसमोर बोलायला उभा राहणारा प्रत्येक वक्ता अभिमन्यूची कथा सांगतो. सुभद्रेच्या उदरात असताना त्याने चक्रव्यूहाचा भेद ऐकला, म्हणून गर्भावर उत्तम संस्कार करा, असा तिचा बोध आपण ऐकत आलो आहोत. मी आज त्याच कथेच्या उरलेल्या अर्ध्या भागाचे स्मरण करून देणार आहे. अभिमन्यूला आत शिरण्याची विद्या अवगत होती. बाहेर पडण्याची नव्हती. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यात हाती पडणाऱ्या चाचण्यांच्या यादीपुढे आजच्या कितीतरी दाम्पत्यांची स्थिती नेमकी अशीच होते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. पती येथल्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टवर कामाला, पत्नी एकोणतीस वर्षांची, पहिलेच गर्भारपण. तिच्या ‘डबल मार्कर’ चाचणीचा अहवाल आला : जोखीम १४० मध्ये एक. दोघे आणि सासूबाई माझ्यासमोर बसल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, बाळात दोष आहे की नाही, ते एका शब्दात सांगा.” एका शब्दात सांगण्याजोगे उत्तर त्या कागदावर नव्हतेच. मी विचारले, “ही चाचणी कशासाठी केली, ठाऊक आहे ना?” त्या मुलीने मान हलवली. “चिठ्ठीवर खूण होती, म्हणून केली.” ती खूण माझीच होती. गर्दीच्या दिवशी, एक शब्दही न समजावता केलेली. आज मी बोलते आहे ते त्या खुणेचे प्रायश्चित्त म्हणून, असे समजा.

चाचणी काय सांगते, काय नाही

प्रथम हे समजून घेऊ, की तपासण्या दोन प्रकारच्या असतात. एक चाळणीची, दुसरी निदानाची. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीने गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात आणि आईच्या रक्तातील दोन घटक तपासतात. आईचे वय, ही जाडी आणि ते घटक यांचे गणित मांडून डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या विकाराची शक्यता काढली जाते. ही झाली चाळणी. ती डाउन सिंड्रोमचे शंभरपैकी सुमारे पंच्याऐंशी ते नव्वद गर्भ ओळखते. म्हणजे काही तिच्या हातून निसटतातही. उलट, हजार गर्भवतींची चाळणी केली तर साधारण पन्नास जणींना ‘जोखीम अधिक’ असा निरोप जातो आणि त्यांपैकी प्रत्यक्षात बाधित गर्भ एखाद-दोनच निघतात. १४० मध्ये एक, याचा अर्थ अशाच १४० मातांपैकी १३९ जणींच्या बाळांना हा विकार नाही. परंतु रात्री झोप उडते ती त्या एकाच्या भयाने.

वयाचाही विचार हवा. डाउन सिंड्रोमचे मूल होण्याची शक्यता पंचविशीत सुमारे १२५० मध्ये एक, पस्तिशीत ३५० मध्ये एक आणि चाळिशीत १०० मध्ये एक अशी वाढत जाते. तरीही अशी बहुतेक मुले तरुण मातांच्याच पोटी जन्मतात. कारण मुळात अपत्यजन्मच तरुण वयात अधिक होतात.

अलीकडे दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून गर्भाचे जनुकीय अंश तपासणारी ‘एनआयपीटी’ ही चाचणी आली आहे. डाउन सिंड्रोमच्या बाबतीत ती पुष्कळ अधिक अचूक आहे; खर्चही डबल मार्करच्या कितीतरी पट. पण तीही चाळणीच आहे. निश्चित निदान हवे असेल तर वारेचा अंश किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल सुईने काढून तपासावे लागते. त्यात गर्भपाताचा धोका अल्प, साधारण दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी. परंतु शून्य नाही.

आरसा आपल्या जिल्ह्याचा

या विषयावर आपल्या जिल्ह्यात बोलताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. १९७५ च्या सुमारास गर्भजल परीक्षा भारतात आली ती व्यंग शोधण्यासाठी. थोड्याच काळात तिचा उपयोग मुली शोधून मारण्यासाठी होऊ लागला. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. १९९४ मध्ये केंद्राने केला आणि २००३ मध्ये तो अधिक कठोर झाला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत ८८४ होती, ती २०११ मध्ये ८५२ झाली. शेजारच्या बीडमध्ये तर ८०७. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म ज्या चोंडीत झाला, ते याच जिल्ह्यातले गाव. त्यांचे नाव आपण अभिमानाने जिल्ह्याला दिले. त्या नावाला शोभेल असे आपले वर्तन आहे काय?

हे आज सांगण्याचे कारण असे, की यंत्र पापी नसते. पापी असतो तो प्रश्न, जो मनात धरून आपण यंत्रापुढे उभे राहतो. एनआयपीटीमध्ये लिंगाची माहितीही दडलेली असते. ती विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे. “बाळ निरोगी आहे ना?” या प्रश्नाआड दुसरा प्रश्न लपला असेल, तर चाचणीची पायरी चढूच नका.

उशिरा कळण्याची किंमत

मग चाचण्या नकोतच, असे मी म्हणते काय? नाही. २००८ साली मुंबईच्या निकेता मेहता यांचे प्रकरण देशभर गाजले. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे त्यांना कळले तेव्हा सुमारे चोविसावा आठवडा चालू होता. त्या वेळी कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची. त्या उच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्टमध्ये न्यायालयाने अनुमती नाकारली आणि त्याच महिन्यात त्यांचा गर्भ आपोआप पडला. एका मातेच्या दुःखावर सारा देश वाद घालत होता. पुढे २०२१ मध्ये कायदा बदलला. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, काही निश्चित परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो.

या घटनेतून दोन गोष्टी घ्याव्यात. वेळेवर मिळालेली माहिती विचाराला अवकाश देते, ही पहिली. दुसरी गोष्ट अशी, की डबल मार्करने हृदयातील असा दोष शोधता आला नसता. हृदय, पाठीचा कणा, मेंदू यांची रचना अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत पाहतात. म्हणून डबल मार्कर नको म्हणणाऱ्यांनीही ती सोनोग्राफी चुकवू नये. तसेच थॅलेसिमियाची तपासणी विवाहापूर्वी वा गर्भधारणेपूर्वीच करावी. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला आजारी बाळाची शक्यता चारात एक असते. आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घेतल्यास मेंदू व कण्याचे कितीतरी दोष टळतात. स्वस्तातला हा उपाय आपण विसरतो आणि महागड्या चाचणीची चर्चा करतो!

निर्णय कोणाचा?

गर्भजल वा वार तपासण्यापूर्वी त्याचे सर्व ज्ञात दुष्परिणाम गर्भवतीला समजावून सांगावेत, तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी आणि त्या संमतीची प्रत तिला द्यावी, असे १९९४ चा कायदा सांगतो. कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज पतीने वा नातेवाइकांनी अशा तपासणीचा आग्रह धरण्यासही तो मनाई करतो. संमती तिची. सासूबाईंची नाही, शेजारणीची नाही, डॉक्टरांचीही नाही. आपल्या कुटुंबपद्धतीत वडीलधाऱ्यांचा आधार मोलाचा आहे. पण आधार देणे वेगळे आणि निर्णय लादणे वेगळे.

महाभारतातच आणखी एका गर्भस्थ बालकाची कथा आहे. पित्याच्या शापाने अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडे अंग घेऊन जन्मला आणि पुढे त्यानेच जनकाच्या सभेत वाद जिंकून त्याच पित्याला सोडवले. मात्र मला ही कथा सांगून थांबायचे नाही. प्रत्येक व्यंग असलेले मूल अष्टावक्र होणार नाही. आणि त्याचे स्वागत व्हावे म्हणून त्याने सभा जिंकण्याची आवश्यकताही नाही. डाउन सिंड्रोमची मुले उशिरा चालतात, उशिरा बोलतात, अनेकांच्या हृदयात दोष असतात; पण ती हसतात, माणसे ओळखतात, शिकतात, कामही करतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्यांच्यासाठी पालकत्वाची व्यवस्था आणि ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षणाचा अधिकार दिला आहे. निर्णय घेण्यापूर्वी अशा मुलांच्या आईवडिलांना एकदा भेटा. अहवालात आकडा असतो, मूल नसते.

आणि ज्यांना हे ओझे पेलणार नाही असे वाटले, ज्यांनी अश्रू ढाळत दुसरा निर्णय घेतला, त्यांना दूषण देण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. आपण समाज म्हणून त्यांच्या पाठीशी किती उभे राहिलो असतो, हे आधी स्वतःला विचारावे.

चार प्रश्न

म्हणून चिठ्ठी हाती येताच दोघांनी एका संध्याकाळी, दूरदर्शन संच बंद करून, चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत. ही चाचणी आम्हाला नेमके काय सांगणार? जोखीम अधिक आली तर पुढची सुईची तपासणी आम्ही करू का? निदान निश्चित झाले तर आम्ही काय करू : बाळाच्या आगमनाची तयारी, की दुसरा निर्णय? आणि चाचणी केलीच नाही, तर न कळण्याची अनिश्चितता आम्ही शांतपणे सोसू शकू का? यांची उत्तरे कुणाला “चाचणी करूया” कडे नेतील, कुणाला “नको” कडे. दोन्ही उत्तरे शहाणपणाची असू शकतात. न विचारता केलेली चाचणी आणि न विचारता नाकारलेली चाचणी, ही मात्र दोन्ही अविचाराचीच रूपे होत.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. पुण्याला जाऊन गर्भजल तपासले. अहवाल निर्दोष आला आणि तिला गोड मुलगी झाली. बाराव्या दिवशी मी बाळाला पाहायला गेले तेव्हा ती म्हणाली, “डॉक्टर, ते सहा आठवडे मी पोटातल्या हिच्याशी एक शब्दही बोलले नाही. राहील की जाईल, ठाऊक नव्हते ना.” कोणत्याही अहवालात न नोंदला जाणारा हा परिणाम होता, आणि त्याला कारण माझी ती खूण होती.

तीन वर्षांनी ती पुन्हा आली. मी चाचण्यांची माहिती सांगू लागले, तर मला थांबवून म्हणाली, “आम्ही दोघांनी बोलून ठरवलंय. डबल मार्कर नको. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी मात्र करायची.” त्याच दिवशी दुसरी एक भगिनी आली होती, तिच्या बहिणीचा मुलगा डाउन सिंड्रोमचा. ती म्हणाली, “मला आधी कळायला हवं. बाळाला ठेवायचंच आहे, पण तयारीनं ठेवायचं आहे.” एकीने चाचणी नाकारली, दुसरीने स्वीकारली. दोघींनाही मी सारख्याच समाधानाने निरोप दिला. कारण आत शिरण्याआधी दोघींनीही बाहेरची वाट पाहून ठेवली होती.

आपणा सर्वांच्या घरी निरामय बाळे जन्मोत. आणि जे बाळ जसे येईल, त्याला सांभाळण्याचे बळ आपल्या घराला आणि या समाजाला लाभो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेते.