भाजणीचे प्रमाण आणि मृत्युपत्र

(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



मला भाषणाचा सराव नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि दिवस सारा स्वयंपाकघर आणि आमची पिठाची गिरणी यांत जातो. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी घडले तेच सांगा." म्हणून उभी राहिले. हळदीकुंकवाच्या दिवशी मृत्युपत्राचे नाव काढते म्हणून रागावू नका. भरल्या घरात बोलायचीच ही गोष्ट आहे.

माझी मुलगी 2023 साली दोन लेकरांसह माहेरी परत आली. जावई गेले. तेव्हापासून शाळेला सुट्टी असली की नात आणि नातू माझ्या हाताखाली असतात. धान्य निवडणे धाकट्याचे काम, वाट्या मोजणे मोठीचे. भाजण्याचे काम मात्र माझे. तापलेल्या कढईजवळ मी मुलांना येऊ देत नाही. थालीपीठ थापले की मधली भोके पाडण्यावरून दोघांची रोज भांडणे! पण पाढे पाठ नसणारी नात वाट्या मोजता मोजता दुप्पट-तिप्पट करायला शिकली.

गेल्या दिवाळीआधी भाजणी करत होतो. माझ्या वहीत प्रमाण लिहिलेले आहे : तांदूळ, ज्वारी, बाजरी दोन दोन वाट्या, हरभऱ्याची डाळ एक वाटी, उडदाची डाळ आणि धणे अर्धी अर्धी वाटी, थोडे जिरे. वर लिहिले आहे, "चार माणसांना महिनाभर." नातीने ते वाचले आणि म्हणाली, "आजी, आपण तर सात आहोत. मग हे कसे पुरेल?"

प्रमाण वाढवून घेतले. पण रात्री मी ह्यांना म्हटले, "आपल्या मृत्युपत्रातही चारच माणसे आहेत."

ह्यांनी ते 2019 साली केले होते. तेव्हा मुलगी आपल्या घरी सुखात होती, म्हणून घर आणि गिरणी मुलाच्या नावे लिहिली. त्या वेळी ते बरोबरच होते. आता मुलगी घरात आहे, तिची मुले आहेत, सून आली आहे. माणसे बदलली, कागद तसाच राहिला.

कागद तसाच राहिला की काय होते, ते मी माझ्या मावशीच्या घरी पाहिले आहे. तिने 2006 साली थोरलीला पाटल्या आणि धाकटीला रोख रक्कम लिहून दिली. पुढे पाटल्या मोडून बांगड्या केल्या, रक्कम आजारपणात संपली. ती गेल्यावर बांगड्या कुणाच्या, यावरून दोघी बहिणी भांडल्या. आज त्या एकमेकींच्या दारात हळदीकुंकवालाही जात नाहीत. मावशीचे मन दोघींवर सारखेच होते हो! पण मन कागदावर आले नाही.

आम्ही वकिलांकडे जाऊन विचारून घेतले. ते माझ्या भाषेत सांगते.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक लागत नाही. स्वतःची सही करायची आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. साक्षीदार असे असावेत की ज्यांना त्यातून काही मिळायचे नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदणी करणे सक्तीचे नाही; केलेली मात्र बरी. जिवंतपणी ते कितीही वेळा बदलता येते, आणि शेवटचे तेच खरे. पण जुन्या कागदावर नुसती खाडाखोड करून चालत नाही. बदलालाही पुन्हा सही आणि दोन साक्षीदार हवेत. बदल लहान असेल तर पुरवणी जोडावी. मोठा असेल तर नवे करावे, तारीख घालावी आणि "आधीची सर्व रद्द" असे स्पष्ट लिहावे.

बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, पण ते वारसांचे असतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. तेव्हा पासबुक काढा आणि कुणाचे नाव आहे ते बघा. कित्येकींच्या पासबुकावर अजून सासूबाईंचेच नाव सापडेल!

आणखी एक. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बाईची मालमत्ता तिची स्वतःची आहे. माझ्या बांगड्या, माझे पोस्टातले पैसे यांचे मृत्युपत्र मी वेगळे केले. ह्यांच्या कागदात माझे आपोआप येत नाही.

आता अवघड भाग सांगते. मुलाला सांगायचे कसे? गिरणीत तो दहा-दहा तास राबतो. मी त्याला समोर बसवून सांगितले, "घरातला अर्धा भाग ताईचा लिहितो आहोत." तो दोन दिवस जेवला, पण बोलला नाही. इकडे मुलगी म्हणाली, "आई, मला कुणाची दया नको." मी तिला म्हटले, "ही दया नाही, हा हिशेब आहे. तूही याच घरची." तिसऱ्या दिवशी मुलगा ह्यांना म्हणाला, "गिरणी माझ्याकडे राहू द्या. वरच्या दोन खोल्या ताईच्या. पण मागच्या दाराने लिहू नका, आम्हा दोघांसमोर लिहा." तसेच लिहिले. अजूनही त्याला कधी कधी बोचत असेल. पण जे बोचायचे ते आई-बाप जिवंत असताना बोचले, तर त्यावर फुंकर घालायला आम्ही आहोत.

भगिनींनो, लग्न, बारसे, कुणाचे जाणे, घर घेणे, दागिना मोडणे, खाते बंद करणे; यांतले काही घडले की तो कागद बाहेर काढावा. काही घडले नाही तरी वर्षातून एकदा वाचावा. मी त्यासाठी दिवाळीच्या भाजणीचा दिवस धरला आहे. धान्य उन्हात घातले की डबा उघडायचा, माणसे मोजायची आणि कागद वाचायचा. तुम्ही तुमच्या सोयीचा दिवस धरा, पण धराच.