जड शरीर आणि दवाखाना



आज लठ्ठपणावर बोलायचे आहे. लठ्ठ माणसाला स्वतःला काय त्रास होतो, हे तुम्ही पुष्कळ ऐकले असेल. मी सांगणार आहे दवाखान्याचे. मी परिचारिका आहे. तुम्ही आम्हांला सिस्टर म्हणता. हा भार मी माझ्या पाठीवर घेतलेला आहे.

2017 साली इजिप्त देशातून एका बाईंना उपचारासाठी मुंबईला आणले. वजन सुमारे 500 किलो. म्हणजे धान्याची दहा पोती! त्यांना मालाच्या विमानातून आणले. दवाखान्यात खाटेसकट क्रेनने वर चढवले. वजन बरेच उतरले. पण त्याच वर्षी त्या अबू धाबीच्या दवाखान्यात वारल्या.

असा रोगी क्वचितच. पण सव्वाशे किलोचा रोगी आपल्या तालुक्यालाही येतो. तिथे क्रेन कुठली? एक सिस्टर, एक मावशी आणि असलाच तर एक वॉर्डबॉय.

आता हिशेब करा. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी असे ठरवले आहे की, रोग्याला हलवताना एका माणसाने 35 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 16 किलोपेक्षा, जास्त भार हाताने उचलू नये. सव्वाशे किलोच्या माणसाचा नुसता एक पाय वीस किलोच्या आसपास भरतो! पाय उचलून पट्टी बांधायची, तरी मर्यादा संपली. आणि निजून असलेल्या रोग्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली, तर पाठीला जखमा होतात. दिवसा, रात्री, हेच काम. मग सिस्टरची कंबर धरते. ती रजेवर गेली, की उरलेल्यांवर दुप्पट काम.

भार उचलण्यापुरताच नाही. जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला, तर रक्तदाब खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. सलाईन लावायला शीर सापडत नाही. दोनतीनदा टोचावे लागते, रोगीही कावतो. सोनोग्राफीत पोटातले धड दिसत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर फार जपावे लागते, कारण उताणे निजवले की श्वास कोंडतो. शिवाय मधुमेह आणि रक्तदाब पुष्कळदा लठ्ठपणाबरोबर येतात. ते रोगी वर्षानुवर्षे औषधाला येतात. बाहेरची रांग लांबते, ती यामुळेही.

तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या श्रीमंतांचे दुखणे. तसे आता राहिले नाही. 2005-06 च्या सरकारी पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत सुमारे 13 जणी जादा वजनाच्या होत्या. 2019 ते 2021 च्या पाहणीत 24 झाल्या. पुरुषही मागे नाहीत. मोट गेली, जाते गेले, शेतावर जायला फटफटी आली. हे चांगलेच झाले, कोण नको म्हणेल? पण कष्ट कमी झाले आणि चहातली साखर, तेलातली भजी वाढली.

तरी एक सांगते. लठ्ठ माणसाला हसू नका. काहींना ते आईबापांकडून येते, काहींना दुखण्यामुळे, काहींना औषधांमुळे. आणि हसण्याचे फळ आम्ही पाहतो. बाई लाजते. काट्यावर उभी राहायला नको, म्हणून दवाखान्यातच येत नाही. पायाची जखम घरीच बांधून ठेवते. येते तेव्हा पाय काळा पडलेला असतो. वेळेवर आली असती, तर चार पट्ट्यांत काम झाले असते. आमच्यातलेही काही तोंड टाकतात. ते वाईटच.

तिशी ओलांडलेल्या माणसांची आशाताई टेपाने कंबर मोजते. लाजू नका, मोजू द्या. बाईची 80 सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची 90 च्या वर भरली, तर उपकेंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. पैसे पडत नाहीत.

आणि घरात जड माणूस आजारी पडला, तर 108 ला फोन करताना वजन अंदाजाने सांगा. गाडी येईपर्यंत चारसहा गडी बोलावून ठेवा. हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. जाड चादर अंगाखाली सरकवा, चारी बाजूंनी धरा, आणि एकाने "उचला" म्हटले की सगळ्यांनी एकदम उचला.