आधीं कोणतें काम?

तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट ठाऊक नाहीं असें मूल महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. घरीं रायबाच्या लग्नाची तयारी चाललेली असतां कोंढाण्याच्या मोहिमेची गोष्ट निघाली, आणि 'आधीं लगीन कोंढाण्याचें, मग रायबाचें' असें म्हणून तानाजी निघाले, अशी परंपरेनें चालत आलेली कथा आहे. १६७० सालच्या फेब्रुवारींत किल्ला हातीं आला. तानाजी मात्र धारातीर्थीं पडले. शौर्याचा आणि स्वामिनिष्ठेचा दाखला म्हणून हें वाक्य व्याख्यानांतून नेहमीं ऐकूं येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु रोजच्या व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांत आणखी एक शहाणपण आहे. दोन कामें एकाच वेळीं दारांत उभीं राहिलीं, दोन्ही मोलाचीं. कोणतें आधीं आणि कोणतें मागाहून, हें त्या वाक्यांत निःसंदिग्धपणें ठरलें आहे. 'दोन्ही पाहूं, जमेल तसें करूं' असें त्यांत नाहीं.

शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांत सर्वांत अधिक ऐकूं येणारी तक्रार पैशाची नसून वेळेची असते. पैसा एकाला अधिक व दुसऱ्याला कमी मिळतो. वेळेच्या बाबतींत मात्र विधात्यानें पंक्तिप्रपंच केलेला नाहीं. कारखान्याच्या मालकाला आणि त्याच्या दारावरील पहारेकऱ्याला दिवसाचे तास २४ च. हा वेळ शिलकीस टाकतां येत नाहीं, उसना आणतां येत नाहीं. आजचा उरलेला तास उद्यांच्या खात्यावर जमा होत नाहीं. त्याच्या जमाखर्चांत एकच गोष्ट माणसाच्या हातीं राहते: तो कशावर आधीं खर्च करावयाचा हें ठरविणें.

पुष्कळ लोक यासाठीं कामांची यादी करतात. यादी करणें चांगलेंच. डोक्यांत घोळणारें काम कागदावर उतरलें कीं डोकें तेवढें मोकळें होतें. पण यादी म्हणजे निवड नव्हे. एखाद्या नोकरदार गृहस्थाची शनिवारची यादी डोळ्यांपुढें आणावी. विजेचें बिल भरणें, चपलेला टांका घालून आणणें, इस्त्रीचे कपडे आणणें, सोसायटीच्या चिटणिसांना पत्र देणें, पंख्याच्या दुरुस्तीसाठीं माणूस बोलावणें, मुलीला अपूर्णांक समजावून देणें, आणि आईचे डोळे डॉक्टरांना दाखविणें. रात्रीं पाहावें तों पहिल्या पांच कामांवर रेघा ओढलेल्या असतात आणि सातांपैकीं पांच झालीं म्हणून गृहस्थ समाधानानें झोंपी जातो. राहिलेलीं दोन कामें पुढच्या यादींत जातात, तेथून तिसरींत. तीं राहतात याचें कारण तीं फार अवघड आहेत असें नव्हे. त्यांच्यासाठीं कोणी दार ठोठावीत नाहीं, हें खरें कारण आहे.

बिल थकलें तर वीज तोडली जाईल. चिटणीस जिन्यांत भेटले तर विचारतील. आईचे डोळे मात्र कांहींच बोलत नाहींत. काचबिंदूच्या नेहमीं आढळणाऱ्या प्रकारांत प्रारंभीं वेदना होत नाहींत. कडेची दृष्टि हळूहळू जाते, समोरचें दिसत राहतें, आणि म्हणून रोग्याला पुष्कळ काळ पत्ताच लागत नाहीं. गेलेली दृष्टि पुढें कोणत्याहि औषधानें वा शस्त्रक्रियेनें परत येत नाहीं. वेळींच उपचार सुरू झाले तर राहिलेली दृष्टि बहुधा राखतां येते. पांच रेघांचें समाधान एका पारड्यांत आणि हा तोटा दुसऱ्या पारड्यांत घातला तर कोणतें पारडें खालीं जाईल हें सांगावयास नको.

अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं १९५४ सालीं इलिनॉय राज्यांतील इव्हॅन्स्टन येथें केलेल्या भाषणांत याच भेदावर बोट ठेवलें होतें. एका महाविद्यालयाच्या माजी अध्यक्षांचा हवाला देऊन त्यांनीं सांगितलें कीं, माणसापुढील प्रश्न दोन जातींचे असतात, निकडीचे आणि महत्त्वाचे. जे निकडीचे ते महत्त्वाचे नसतात, आणि जे महत्त्वाचे ते निकडीचे म्हणून समोर येत नाहींत. १९४४ सालीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरविणाऱ्या सेनापतीनें हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा मानला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. पुढें १९८९ सालीं स्टीफन कोव्ही या लेखकाच्या पुस्तकामुळें हाच विचार चार खणांच्या आकृतीच्या रूपानें जगभर पसरला.

ही आकृति कोणत्याहि वहीच्या पानावर दोन रेघा मारून काढतां येते. पहिल्या खणांत निकडीचीं आणि महत्त्वाचींहि असलेलीं कामें येतात: तापानें फणफणलेलें मूल, आज मुदत संपणारा परीक्षेचा अर्ज. तीं तत्काळ केलींच पाहिजेत. दुसऱ्यांत महत्त्वाचीं, पण निकड नसलेलीं: आईचे डोळे, मुलीचें गणित, रोजचें फिरणें, मृत्युपत्र. तिसऱ्यांत निकडीचीं वाटणारीं, पण फारसें मोल नसलेलीं: खिशांतील मोबाइलवर वाजणारा प्रत्येक निरोप, 'जरा येऊन जा' म्हणणारा शेजारी. चौथ्यांत दोहोंपैकीं कांहींच नसलेलीं. त्यांचीं उदाहरणें ज्यानें त्यानें स्वतःशींच आठवावीं.

सगळी मेख दुसऱ्या खणांत आहे. तेथील काम दुर्लक्षिलें तर तें तेथेंच स्वस्थ पडून राहत नाहीं. एके दिवशीं पहिल्या खणांत जाऊन उभें राहतें. आज धांवपळ करावयास लावणारा परीक्षेचा अर्ज महिनाभर दुसऱ्या खणांत निवांत पडलेला होता. ज्याच्या घरीं सदा धांवपळ असते त्याच्यावर संकटें अधिक येतात असें नाहीं. त्याचा दुसरा खण कोणी उघडून पाहत नाहीं, एवढेंच.

निवड झाली कीं मापाचा प्रश्न येतो. यादी करणारा मनुष्य उद्यांच्या दिवसाविषयीं फार उदार असतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना, तो किती दिवसांत पुरा होईल, असें विचारलें होतें. उत्तरांची सरासरी सुमारें ३४ दिवस आली. सर्वच गोष्टी बिघडत गेल्या तर किती लागतील, असें विचारतां ती सुमारें ४९ झाली. प्रत्यक्षांत लागले सरासरीनें ५५ दिवसांहून अधिक. म्हणजे माणसाचा निराशेचा अंदाजहि वस्तुस्थितीला पुरत नाहीं! यावरून व्यवहाराचा नियम एवढाच निघतो कीं, कामाला एक तास लागेल असें वाटलें तर दीड तास धरावा, आणि दिवसाच्या यादींत मुख्य कामें तीनांहून अधिक घेऊं नयेत.

उलट, वेळ अमर्याद दिला तरीहि काम बिघडतें. १९५५ सालीं नॉर्थकोट पार्किन्सन यांनीं इकॉनॉमिस्ट या साप्ताहिकांत एक विनोदी निबंध लिहिला. हाताशीं जितका वेळ असेल तितकें काम फुगतें, हा त्याचा सारांश. भाचीला एक पोस्टकार्ड लिहिण्यांत सारा दिवस घालविणारी रिकामी वृद्धा त्यांनीं त्यांत रंगविली आहे. तेव्हां कामाला सैल माप हवें, पण माप हवेंच.

असें माप महाराष्ट्राला नवें नाहीं. पंचांगांत अहोरात्राच्या ६० घटिका मानलेल्या आहेत आणि एक घटिका २४ मिनिटांची. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं घटिका भरली, असा लग्नमुहूर्त साधण्याचा जुना प्रघात होता. गेल्या शतकांतील नवव्या दशकाच्या अखेरीस फ्रांसेस्को सिरिलो या इटलींतील विद्यार्थ्यानें टोमॅटोच्या आकाराचें स्वयंपाकघरांतील गजराचें घड्याळ पुढें ठेवून २५ मिनिटें अभ्यास आणि ५ मिनिटें विश्रांति अशी पद्धति बसविली, आणि ती आज अनेक देशांत चालते. घटिकेंत आणि त्याच्या मापांत अंतर एका मिनिटाचें! इतका वेळ बहुतेक माणसांना मन एकाच ठिकाणीं ठेवतां येतें. मुलीचे अपूर्णांक रोज एक घटिका घेतले तर महिन्याभरांत बारा तास होतात. तेवढे तास सलग मिळण्याची वाट पाहिली तर परीक्षा येऊन जाईल.

जें काम आज होणार नाहीं, त्याचेंहि कांहीं देणें लागतें. तानाजींच्या कथेचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाहीं. रायबाचें लग्न पुढें शिवाजीमहाराजांनीं लावून दिलें, असें परंपरा सांगते. म्हणजे मागें ठेवलेलें काम वाऱ्यावर सुटलें नाहीं; त्याला वाली मिळाला. पुढें ढकललेल्या प्रत्येक कामापुढें एक तारीख किंवा एक नांव लिहावें. दोहोंपैकीं कांहींच लिहितां येत नसेल, तर तें काम करावयाचें नाहीं असें स्वतःशीं मान्य करून खोडून टाकावें. न करण्याचा उघड निश्चय हा न करतां बाळगलेल्या ओझ्यापेक्षां बरा.

येथवर सांगितलेलें सारें, ज्याचा दिवस ज्याच्या हातीं आहे त्याला उपयोगी पडेल. पण दिवस सर्वांच्याच हातीं असतो काय? अठराव्या शतकांतील बेंजामिन फ्रँकलिन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत २४ तासांचा तक्ता दिला आहे. पहांटे पांचला उठावयाचें, आज कोणतें सत्कृत्य करावयाचें हें सकाळीं स्वतःला विचारावयाचें, आणि कोणतें झालें हें रात्रीं पाहावयाचें. हा तक्ता प्रसिद्ध आहे. त्यापुढची कबुली तितकी प्रसिद्ध नाहीं. व्यवस्थितपणा हाच गुण आपल्याला सर्वांत जड गेला, असें फ्रँकलिन लिहितात. छापखान्यांत मजुरीनें काम करणाऱ्याला असा तक्ता पाळतां येईल. पण छापखान्याच्या मालकाला लोकांना त्यांच्या सवडीनें भेटावें लागतें, हें त्यांनीं दिलेलें कारण.

आता घराकडे पाहावें. लोकांना त्यांच्या सवडीनें भेटावें लागणारी व्यक्ति घरांत कोण आहे? दूधवाला आला, मुलाचा मोजा हरवला, सासऱ्यांच्या गोळीची वेळ झाली, कुकरची शिटी वाजली, पाहुणा दारांत उभा राहिला. हांक एकीलाच पडते. भारत सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०१९ सालीं लोकांचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्या कामांत रोज सरासरीनें २९९ मिनिटें जातात आणि तें करणाऱ्या पुरुषांचीं ९७, असें तींत आढळलें. मुळांत या कामाला हात लावणारे पुरुषच शंभरांत २६ निघाले, स्त्रिया ८१. विधात्यानें पंक्तिप्रपंच केला नाहीं हें खरें. पण वाढणाऱ्यांनीं तो केलेला आहे.

जो गृहस्थ दार लावून दोन घटिका एकाग्रपणें काम करतो, त्याच्या दाराबाहेरच्या सर्व निकडी कोणी तरी आपल्या अंगावर झेललेल्या असतात. त्याच्या तिसऱ्या खणांतील कामें नाहींशीं झालेलीं नसतात. तीं पत्नीच्या यादींत गेलेलीं असतात. तिच्या २९९ मिनिटांचे तुकडे असे पडलेले असतात कीं त्यांच्यामध्यें उरलेल्या वेळांत एक घटिका सलग सांपडत नाहीं. तिलाहि दुसरा खण असतो. अर्धवट राहिलेलें शिक्षण, दुखणारा गुडघा, सोडून दिलेलें गाणें. तो उघडून पाहण्याची पाळी बहुधा कधीं येत नाहीं.

म्हणून वेळेचें अंदाजपत्रक एकट्यानें करावयाचें नव्हे, तें घरानें मिळून करावयाचें आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर दहा मिनिटें पुरेत. प्रत्येकानें उद्यांचें आपलें एक महत्त्वाचें काम सांगावें, लहानांनींहि. तें वहींत लिहावें. आणि त्या कामासाठीं त्याला जी घटिका लागेल, त्या घटिकेंत दाराची घंटा कोण ऐकणार, कुकर कोण उतरविणार, हेंहि त्याच्याच पुढें नांवानिशीं लिहावें. पहिले कांहीं दिवस ही गोष्ट कृत्रिम वाटेल, वादहि होतील. पण ज्या घरांत गृहिणीचें नांव केवळ घंटेपुढें न येतां एखाद्या कामापुढेंहि येऊं लागेल, त्या घराचा कारभार सुधारूं लागला असें खुशाल समजावें.

आणि त्या वहीच्या पहिल्या ओळींत काय लिहावें, असा प्रश्न पडला, तर घरांतील ज्या माणसानें बरेच दिवस कांहींच मागितलेलें नाहीं त्याच्याकडे पाहावें. पुष्कळ घरांत ती आईच असेल, आणि तिचे डोळे तपासावयाचे राहिलेले असतील.