बागवानाची जाहिरात

माल गिऱ्हाइकाच्या हाती पडला आणि पैसे गल्ल्यात आले की सौदा पुरा झाला, असे व्यापारात सामान्यतः मानले जाते. कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानदारास ते मानता येईल. बागवानास मात्र येत नाही. त्याचा माल सजीव असतो. रोप विकले जाते त्या दिवशी त्याची खरी कसोटी सुरू होते. ते जगले तर गिऱ्हाईक पुन्हा येते. मेले तर एक गिऱ्हाईक जाते एवढेच नव्हे, तर 'आमच्या हाताला झाडे लागत नाहीत' असे म्हणून ते घर बागेचा नादच सोडून देते. रोपवाटिकेने, म्हणजे आपण बोलताना जिला नर्सरी म्हणतो तिने, समाजमाध्यमांचा उपयोग आपल्या विक्रीसाठी कसा करावा, हा आजचा विषय आहे. आणि त्याचा विचार या एका गोष्टीपासूनच सुरू केला पाहिजे.

पूर्वी रोपवाटिकेची जाहिरात म्हणजे रस्त्याच्या कडेला मांडलेल्या फुललेल्या कुंड्या. येणाराजाणारा थबके, भाव विचारी आणि एखादे रोप घेऊन जाई. पुढे फेसबुक २००४ साली, यूट्यूब २००५ साली, व्हॉट्सॲप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली निघाले. २०१६ नंतर आपल्या देशात मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि रस्त्याच्या कडेची ती मांडणी लोकांच्या खिशात जाऊन बसली. बेळगावच्या एखाद्या गल्लीतील किंवा इंदूरच्या एखाद्या वसाहतीतील लहानशा रोपवाटिकेसही आता एका पैचा कागद न छापता आपली फुले हजार घरांत दाखविता येतात. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही.

परंतु सोयीबरोबर मोहही येतो. चित्र जितके भडक, तितके ते अधिक पाहिले जाते, हे ध्यानात आले की विक्रेत्याचा हात रंग गडद करण्याकडे वळतो. निळ्याशार गुलाबाची छायाचित्रे आणि त्याच्या बियांची पाकिटे यांच्या जाहिराती आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. वस्तुस्थिती अशी की, निळ्या गुलाबासाठी जपानमधील एका कंपनीने अनेक वर्षे संशोधन केले आणि २००९ साली जे फूल बाजारात आणले, तेही आकाशासारखे निळे नसून फिकट जांभळे होते. शिवाय बागेतील गुलाब डोळा भरून तयार करतात; बी पेरून मूळ झाडासारखेच फूल मिळत नाही. म्हणजे त्या जाहिरातीत रंगही खोटा आणि बीही खोटे. असे पाकीट विकणारा दूर कोठे तरी असतो आणि त्याचे नावही कोणास ठाऊक नसते. परंतु त्याने केलेल्या फसवणुकीचे फळ गावातील प्रामाणिक माळ्याच्या पदरी पडते. एकदा फसलेला मनुष्य पुढच्या वेळी खऱ्या कलमावरही विश्वास ठेवीत नाही.

म्हणून माझे सांगणे असे की, बागवानाने समाजमाध्यमावर फुलाचा एक दिवस दाखवू नये. रोपाचे वर्ष दाखवावे. डिसेंबरात फुलांनी भरलेली शेवंतीची कुंडी दाखविण्यास हरकत नाही. पण त्याच चित्राखाली लिहावे की रात्र मोठी होऊ लागली म्हणजे शेवंती फुलते, बहर ओसरल्यावर छाटून रोप जपावे लागते आणि पुढचा बहर पुढच्या थंडीतच येतो. मोगऱ्याचे चित्र देताना सांगावे की, पुरेसे ऊन नसलेल्या गॅलरीत त्याला पाने येतील, फुले फारशी येणार नाहीत. कुंडीतल्या आंब्याच्या कलमाला फळ लागलेले दाखविले की कलम लवकर खपते, हे खरे. परंतु पहिली एकदोन वर्षे मोहोर खुडून टाकणेच झाडाच्या हिताचे असते, हेही सांगितले पाहिजे. असे स्पष्ट सांगितल्याने चार गिऱ्हाइके परत जातील. जी घेतील, त्यांची झाडे मात्र जगतील. आणि जगलेल्या झाडाइतकी बोलकी जाहिरात दुसरी नाही.

येथेच स्थानिक माळ्याचे सामर्थ्य आहे. दूरच्या शहरात तयार झालेली चित्रफीत कितीही सुबक असली, तरी तिला आपल्या गावची हवा ठाऊक नसते. पणजीच्या आषाढात कुंडीतील पाण्याचा निचरा ही पहिली चिंता असते, तर हैदराबादच्या वैशाखात सावलीची जाळी ही पहिली गरज असते. गोव्याची जांभी माती आणि वडोदऱ्याकडची काळी माती यांना एकच नियम लावून चालत नाही. 'या आठवड्यात आपल्या गावात काय करावे' एवढे एक वाक्य आणि एक चित्र जो माळी नेमाने देतो, त्याचे म्हणणे लोक पंचांग पाहावे तसे पाहू लागतात. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल, तर रोपे दीडदोन महिने आधी लावली पाहिजेत. ही आठवण दसऱ्याच्या आदल्या दिवशी देऊन काय उपयोग? ती वेळेवर देणे हीच सेवा आणि हीच विक्री.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी मंडळींना भाषेचा प्रश्न अधिक जवळचा आहे. गणपतीला वाहावयाचे जास्वंद घ्या. मराठी गिऱ्हाईक जास्वंद म्हणेल, गुजराती जासूद, हिंदी गुडहल, कन्नड दासवाळ, तेलुगू मंदार आणि कोंकणी दासवण. मनुष्य मोबाइलवर शोधतो तो आपल्या घरच्या शब्दाने. तेव्हा चित्राखाली मराठी नावाबरोबर त्या प्रांताच्या भाषेतील नावही अवश्य लिहावे. त्यात आपल्या भाषेचा मान कमी होत नाही. उलट दोन्ही भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यास आपल्या अंगणाचे दार उघडे राहते.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. सर्वच माध्यमांवर धावपळ करण्याचे कारण नाही. लहान रोपवाटिकेस दोन पुरेत. इन्स्टाग्राम किंवा फेसबुक हे नव्या लोकांना ओळख करून देण्यासाठी, आणि व्हॉट्सॲप हे ओळख झालेल्यांशी संबंध ठेवण्यासाठी. व्यापाऱ्यांसाठी २०१८ साली निघालेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आता रोपांची चित्रे आणि भाव यांची यादी मांडून ठेविता येते. त्यामुळे तोच तो भाव दिवसातून वीस वेळा सांगण्याचे श्रम वाचतात. साध्या प्रसारण-यादीतून पाठविलेला निरोप मात्र ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून रोप देतानाच गिऱ्हाइकास तशी विनंती करावी. छाटणी कशी करावी, कुंडी कशी भरावी, असे वर्षानुवर्षे उपयोगी पडणारे ज्ञान यूट्यूबवर ठेवावे. तेथे ते पुढेही शोधणाऱ्यास सापडते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. एखादे चित्र लाख लोकांनी पाहिले म्हणून हुरळून जाऊ नये. मातीसह कुंडी टपालाने दूर पाठविणे खर्चाचे आणि रोपाच्या जिवावरचे काम असते. आपले खरे गिऱ्हाईक पाचदहा मैलांच्या आत राहते. पैसे देऊन जाहिरात करावयाची असेल, तर गाव आणि अंतर ठरवून ती तेवढ्यापुरती दाखविण्याची सोय फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांवर आहे. तिचा लाभ घ्यावा. आणि प्रत्येक येणाऱ्यास 'आपण कोठे पाहून आलात?' असे विचारून उत्तर साध्या वहीत टिपून ठेवावे. महिनाअखेरीस ती वहीच सांगेल की कोणता श्रम फळला आणि कोणता वाया गेला.

तिसरी गोष्ट तक्रारीची. वाळलेल्या रोपाचे चित्र कोणी चारचौघांत टाकले, तर ते पुसण्याची किंवा वाद घालण्याची घाई करू नये. पाणी किती घातले, ऊन किती मिळते, कुंडीला भोक आहे काय, हे शांतपणे विचारावे. पुष्कळदा असे दिसते की झाड तहानेने नव्हे, तर अति पाण्याने गेलेले असते. दोष आपला असेल तर रोप बदलून द्यावे. ते उत्तर एकास दिलेले असते. वाचतात मात्र शंभरजण, आणि त्यांपैकी दहाजणांची रोपे त्या उत्तराने वाचतात.

शेवटची गोष्ट सावधपणाची. समाजमाध्यम ही आपली जमीन नव्हे. ती परक्याची जागा आहे आणि तिचे नियम तो केव्हाही बदलू शकतो. जून २०२० मध्ये आपल्या देशात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तेथेच सर्व पसारा मांडलेल्यांचे प्रेक्षक एका रात्रीत दिसेनासे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास जगभर बंद पडली होती. म्हणून गिऱ्हाइकांची नावे आणि क्रमांक, त्यांच्या संमतीने, आपल्या स्वतःच्या नोंदवहीत असावेत. कोणाच्या घरच्या बागेचे चित्र वापरावयाचे असेल, तर तेही विचारूनच वापरावे.

श्रोतेहो, उत्तम माळी रोप विकताना त्याच्या मुळाशी मातीचा गोळा राखून देतो. मूळ उघडे पडले तर ते नव्या जागी रुजत नाही. जाहिरातीचेही तसेच आहे. चित्राबरोबर खरेपणाची मूठभर माती गेली, तर ते चित्र पाहणाऱ्याच्या मनात रुजते. नुसता रंग गेला, तर संध्याकाळपर्यंत कोमेजते. साधने नवी आली आहेत, पण गिऱ्हाईक ओळखते ती पत जुनीच आहे. ती जो जपेल, त्याच्या रोपवाटिकेकडे येणारी वाट कधी ओस पडणार नाही.