मारिया ओरोसा यांची मडक्याची भट्टी



सरकारी प्रयोगशाळा म्हटली की फायली आणि कुलूपबंद कपाटे डोळ्यांपुढे येतात. फिलिपिनो रसायनतज्ज्ञ मारिया ओरोसा यांची हयात अशाच सरकारी नोकरीत गेली. त्यांचे लक्ष मात्र खेड्यातील चुलीवर होते.

१८९३ साली बातांगास प्रांतातील ताल गावी त्या जन्मल्या. त्या पाच वर्षांच्या असताना स्पेनने त्यांचा देश अमेरिकेच्या हवाली केला. १९१६ साली त्या शिक्षणासाठी सिॲटलला गेल्या. सुट्टीत अलास्कातील मासळीच्या कारखान्यांत राबून खर्च भागवीत त्यांनी औषधरसायनशास्त्राची पदवी मिळविली. तेथेच नोकरी मिळत असतानाही १९२२ साली त्या परतल्या आणि मनिलातील ब्यूरो ऑफ सायन्समध्ये रुजू झाल्या.

फळांनी आणि मासळीने समृद्ध असलेल्या या देशात डबाबंद अन्न मात्र अमेरिकन जहाजांतून येई. परक्या सत्तेचा अंमल असा ताटापर्यंत पोचतो! ओरोसांनी त्यावर भाषणे केली नाहीत. टोमॅटो दुर्मिळ होते, म्हणून त्यांनी केळ्यांचे केचप केले. वीज नसलेल्या घरांसाठी मातीच्या मडक्याची भट्टी बनविली आणि खेडोपाडी स्त्रियांची मंडळे स्थापून अन्न टिकविण्याच्या रीती शिकविल्या. गिरणीत पांढरा शुभ्र केलेल्या तांदळावर जगणाऱ्या गरिबांना बेरीबेरी हा रोग गाठत असे. त्याचा उतारा गिरणीने वेगळ्या काढलेल्या कोंड्यातच होता. ओरोसांनी त्याच कोंड्याची बिस्किटे केली. तथाकथित टाकाऊ वस्तूकडे शास्त्रज्ञाने असे पाहणे, ही मला विद्वत्तेहून मोठी गोष्ट वाटते.

पुढे जपानी सैन्य आले. सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन नागरिक कैदेत उपाशी होते. बांबूच्या पोकळीत दडवून ओरोसांनी त्यांच्याकडे कोंड्याचे आणि सोयाबीनचे पौष्टिक पीठ पोचविले. स्वतः गनिमी दलात कॅप्टन असूनही, आप्तांनी आर्जवे केली तरी त्यांनी मनिला सोडले नाही.

१९४५ च्या फेब्रुवारीत अमेरिकन फौजा शहर मुक्त करण्यास आल्या. त्या महिन्याभराच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले. काही जपान्यांच्या कत्तलीत, काही मुक्तिदात्यांच्या तोफांखाली. १३ फेब्रुवारीस ओरोसा कामावर असतानाच तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी झाल्या. त्यांना मालाते येथील रुग्णालयात नेले, तर तेथेही गोळे पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ज्यांच्या देशबांधवांना त्यांनी अन्न पोचविले, त्यांचेच ते गोळे होते. त्या रुग्णालयाच्या जागी आज शाळा आहे. त्यांच्या नावाचा थडग्याचा दगड तेथे सापडला तो २०२० साली.