एकशे छप्पन्नांतला एक



काल याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीतील दृष्टान्तांवर रसाळ व्याख्यान झाले आणि आज आम्ही गोल्फवर लागणाऱ्या पैजांविषयी बोलायला उभे राहिलो आहोत. पहिल्या रांगेतल्या काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावरची आठी आम्हांला इथूनही दिसते. ती रास्त आहे. पैजेचा धंदा आपल्याकडे १८८७ च्या कायद्यापासून निषिद्ध आहे. परवान्याने चालणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीला तेवढी सवलत. तेव्हा आज पैज कशी लावावी हे शिकवण्याचा आमचा विचार नाही. शहाणीसुरती माणसे हातात पेन्सिल घेऊन नावे निवडायला बसली म्हणजे त्यांच्या डोक्यात काय चालते, ते आम्ही जवळून पाहिले आहे आणि त्यात आम्हीही होतो. तेवढे सांगायचे आहे.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही २००२ ते २००६ ही वर्षे इंग्लंडात काढली. तिथे १९६१ पासून पैजेची दुकाने उघड उघड चालतात. आपल्याकडे कोपऱ्यावर वाण्याचे दुकान असावे तशी. जुलै महिन्यात ब्रिटनमधली ‘ओपन’ स्पर्धा येते. ही स्पर्धा १८६० साली प्रेस्टविक येथे सुरू झाली, आणि गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांत ती सर्वांत जुनी. तिच्या आठवड्यातल्या सोमवारी आमच्या कचेरीत काम कमी आणि खल फार.

घोड्यांच्या शर्यतीत आठदहा घोडे असतात. इथे एकशे छप्पन्न माणसे, चार दिवस, बहात्तर होल आणि प्रत्येकाचे सुमारे दोनशे ऐंशी फटके. एवढ्या फटक्यांनंतर पहिला आणि पाचवा यांच्यात पुष्कळदा दोनतीन फटक्यांचेच अंतर उरते. म्हणून सामान्य वर्षी जो सगळ्यांच्या तोंडी असतो त्यालाही बुकी दहास एक असा भाव देतो. याचा अर्थ असा, की त्याच्या जिंकण्याची शक्यता बुकीच्या लेखी अकरांत एक. सगळ्यांत लाडका खेळाडू अकरांपैकी दहा वेळा हरणार, हे बुकीने भिंतीवर लिहूनच ठेवलेले असते. आपण मात्र त्या फळ्यावर फक्त ‘दहा’ वाचतो. आणखी एक गंमत. एकशे छप्पन्न जणांच्या अशा शक्यता टक्केवारीत मांडून बेरीज केली, तर ती शंभरावर थांबत नाही, बरीच पुढे जाते. शंभराच्या वरचे जे काही, ते दुकानाचे भाडे आणि मालकाचा संसार.

मग ‘कोण जिंकेल’ हा प्रश्नच मुळी चुकीचा ठरतो. खरा प्रश्न असा, की या माणसाच्या जिंकण्याला जेवढा भाव हवा त्याहून अधिक भाव मिळतो आहे का? हा प्रश्न हिशेबाचा असून फार रुक्ष आहे, म्हणूनच तो कोणी विचारीत नाही.

विचार करणारे काय काय पाहतात? ओपन ही समुद्रकाठच्या ‘लिंक्स’ मैदानांवर होते. तिथे जमीन टणक, झाडे जवळजवळ नाहीत, वारा मोकाट. चेंडू उंच उडवणाऱ्यापेक्षा जमिनीलगत पळवणारा तिथे टिकतो. अशा मैदानावर पूर्वी कोण टिकला, गेल्या दोन महिन्यांत कोणाचा हात बसला आहे, हे पाहणे शहाणपणाचे. गुरुवारी सकाळी खेळणारा शुक्रवारी दुपारी खेळतो आणि गुरुवारी दुपारी खेळणारा शुक्रवारी सकाळी. तेव्हा वारा कोणत्या वेळी सुटेल यावर अर्ध्या मंडळींचे नशीब ठरते. पण हवामान हे काही पेन्सिलीच्या ताब्यातले नव्हे. २००२ साली म्युअरफील्डला टायगर वुड्स आला तो त्या वर्षीच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकून. दोन दिवसांनंतर तो आघाडीपासून दोनच फटके मागे होता. शनिवारी दुपारी आघाडीची मंडळी मैदानात असताना पाऊस आणि वारा असा काही कोसळला, की त्या दिवशी वुड्सला एक्याऐंशी फटके लागले. आमचे पाच पौंड त्याच्यावर होते. पाऊस त्यांच्यावरही पडला.

पुढच्या वर्षी स्पर्धा सॅंडविचच्या रॉयल सेंट जॉर्जेसवर. आम्ही आणि आमचे एक स्नेही (त्यांना आम्ही ‘भाऊ’ म्हणत असू, कोल्हापूरकडचे, हिशेबखात्यातले, अत्यंत काटेकोर गृहस्थ) यादी घेऊन बसलो. बेन कर्टिस हे नाव आले. जागतिक क्रमवारीत ३९६ वा, आणि याआधी एकही मोठी स्पर्धा न खेळलेला. आम्ही काट मारायला दोन सेकंदही घेतले नसतील. रविवारी संध्याकाळी तोच जिंकला. पहिल्याच मोठ्या स्पर्धेत विजय, ही गोष्ट १९१३ नंतर प्रथमच घडत होती.

आता नीट पाहा. थॉमस ब्यॉर्न हा डेन्मार्कचा खेळाडू शेवटी शेवटी आघाडीवर होता. सोळाव्या होलवर वाळूच्या खड्ड्यातून चेंडू बाहेर काढायला त्याला तीन फटके लागले आणि तो एका फटक्याने हरला. वुड्सचा तर पहिल्या दिवशी पहिलाच चेंडू गवतात हरवला. शेकडो माणसांनी शोधूनही सापडला नाही; त्या होलवर तीन फटके जादा गेले आणि शेवटी तो हरला दोन फटक्यांनी. एक चेंडू सापडला असता तर कर्टिसचे नाव आज आम्ही इथे कदाचित घेतलेही नसते. आमच्या मते आमची काट बरोबरच होती. तीच यादी पुन्हा समोर आली तर पुन्हा मारू.

भाऊंना हे पटले नाही. ‘खुणा होत्या हो, आपल्याला दिसल्या नाहीत,’ असे ते म्हणू लागले. कर्टिस आठवडाभर आधीच येऊन मैदान पाहून गेला होता, हे त्यांनी नंतर वाचले. नंतर वाचलेल्या गोष्टी फार बोलक्या असतात. २००४ साली ट्रूनला त्यांनी आठ अनोळखी नावांवर पाच पाच पौंड लावले. त्यांत टॉड हॅमिल्टन होता. बरीच वर्षे जपानात खेळलेला, मार्चमध्ये अमेरिकेतली एक स्पर्धा जिंकलेला. तो जिंकला! भाऊंच्या हाती महिन्याच्या पगाराएवढी रक्कम आली. त्यांनी आम्हां सगळ्यांना जेवू घातले, आणि आम्हीही त्यांच्या हुशारीचे कौतुक केले. त्या जेवणाची चव आम्हांला आता नीटशी आठवत नाही, पण ते कौतुक आठवते आणि टोचते.

वास्तविक अनोळखी नावांवरच बुकीचा नफा अधिक असतो. थोड्या पैशांत मोठी आशा विकत घ्यायला गिऱ्हाईक तयारच असते. मग तो भाव हवा त्याहून आखूड ठेवतो. हे हिशेबखात्यातल्या माणसाला आम्ही सांगावे असे नव्हते. पण पाचाचे पन्नास झाले, आठ नावांची बारा झाली. २००५ साली सेंट अँड्रूजला वुड्स पाच फटक्यांनी जिंकला. भाऊ म्हणाले, हा अपवाद.

२००६ च्या जुलैत, स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी, ते रात्री आमच्या खोलीवर आले आणि चारशे पौंड मागितले. गावी धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवायचे पैसे आधीच गेले होते, हे त्यांनी लपवले नाही. आम्ही दिले. लोक समजतात भिडेपोटी दिले असतील. तसे नाही. त्यांनी जी नावे दाखवली, त्यांतल्या एकावर आदल्याच दिवशी आम्हीही खूण केली होती. तेच नाव दुसऱ्याच्या कागदावर पाहिले आणि आम्हांला ती अक्कल वाटली.

होयलेकला त्या वर्षी उन्हाने गवत करपून पिवळे झाले होते. वुड्सने चार दिवसांत ड्रायव्हर हा लांब पल्ल्याचा दांडा एकदाच वापरला आणि दोन फटक्यांनी स्पर्धा जिंकली. मे महिन्यात त्याचे वडील वारले होते. शेवटचा चेंडू पडल्यावर तो आपल्या कॅडीच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. आम्ही दोघे ते दूरदर्शन संचावर पाहत होतो. भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी संच बंद केला, कोट चढवला आणि दारातून वळून आम्हांला विचारले, ‘पुढच्या वर्षी कार्नूस्टीला आहे ना हो?’